परातीतले जवारे

८ मार्च १९८५, शुक्र.

कालचा रंग अजून नखांतून निघाला नाही, आणि सकाळी सकाळी सूनबाईंनी माझी पितळी परात मागितली. म्हटलं कशाला? तर म्हणे गहू पेरायला. अगं बाई, परात आहे ती, शेत नाही! हसली. "आई, एकवीसला नवरोज ना. त्याच्या आधी हिरवं रुजवून टेबलावर ठेवायचं असतं."

घ्या. शिरीन पुण्याच्या इराण्यांची, त्यांचं नवं वर्ष तेव्हा लागतं. मागच्या वर्षी लग्न नवं होतं, काही बोलली नाही. एकवीसला दिवसभर स्वैपाकघरात कांदे चिरत बसली. कांदे संपले तरी डोळे पुसतच होती. ते आठवलं आणि दिली परात.

पण परात खरी दिली ती दुसऱ्याच कारणाने. तिची आई, बानूबाई, लग्नापासून हिच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. परवा आमच्या अरविंदने ट्रंक कॉल लावून दिला तेव्हा म्हणाली म्हणे, "तिथे तुझं टेबल तुला मांडू देत असतील तर येते बघायला." एवढंच, आणि फोन ठेवला. तेव्हापासून ही पोर जमिनीवर नाही.

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "टेबल मांडू दे. जेवायला काय मांडणार ते विचारून घे."

१२ मार्च, मंगळ.

बडा बाजार पालथा घातला. 'स'पासून सुरू होणाऱ्या सात वस्तू पाहिजेत, त्यांच्या भाषेतला 'स'. सफरचंद, लसूण, सिरका, नाणं, गव्हाची खीर, कसलंसं सुकं फळ, कसलासा आंबट मसाला. सफरचंदं मिळाली, सुरकुतलेली. सिरका जडीबुटीवाल्याकडे, जांभळाचा. बाकी नावं ऐकून पंसारी माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी विषच मागितलं. "बाईजी, जे तो ईरान में मिलहै." मलाही माहितेय ते, भैया!

शेवटी त्या दोन वस्तूंच्या जागी साखर आणि सब्जा. शिरीन म्हणाली चालेल. चेहऱ्यावर चालण्यासारखं काही दिसत नव्हतं.

आणि अंडी! रंगवलेली अंडी लागतात. हे ताडकन उठले. "माझ्या घरात अंडी?" मी म्हटलं खाणार कोणी नाही, रंगवून ठेवायचीत. "ठेवायची तरी कुठे?" "टेबलावर." "टेबल कुठे?" "घरात." त्यावर गच्चीवर जाऊन बसले ते जेवायलाच खाली आले.

अरविंदला काही म्हणावं तर "आई, आप लोग आपस में देख लो ना." ह्याला मराठी समजतं, बोलतो हिंदी. त्याची इराणी बायको माझ्याशी शुद्ध पुणेरी मराठी बोलते. झाशीत सात पिढ्या काढून आम्ही हे कमावलं.

१६ मार्च, शनि.

खांदे भरून आलेत. गव्हाची ती खीर, समनू म्हणतात. वेगळे मोड आणलेले गहू वाटायचे, गाळायचे, पीठ घालून चुलीवर ढवळत राहायचं. ढवळत राहायचं म्हणजे किती, तर ती म्हणाली, "रंग येईपर्यंत." मी म्हटलं, अगं हा तर कुरडयांचा चीक! त्याला काय मला शिकवतेस? आणि पळी हातात घेतली. घ्यायला नको होती. चीक अर्ध्या तासात होतो. हिचा रंग दुपार उलटली तरी येईना.

बोलत होती ढवळताना. तिच्याकडे सगळ्या बायका मिळून करतात, गाणी म्हणतात, पळी हातात असताना मनातलं मागायचं असतं. म्हटलं माग. म्हणाली, "मागितलं की." काय ते विचारलं नाही. विचारायला काय आहे त्यात.

थोडी करपली. चव मात्र खरंच गोड, साखर न घालता. ह्यांनी बोटभर चाखून दुसरं बोट घातलं आणि मी बघतेय कळल्यावर "ठीक आहे" म्हणाले.

परातीतला गहू चांगला वीतभर आलाय. हात फिरवावासा वाटतो.

२१ मार्च, गुरु.

टेबल मांडलं. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. पांढरी चादर, आरसा, दोन दिवे, मध्ये परात, तिला लाल फीत. सभोवती वाट्या. अंडी होळीच्या उरलेल्या रंगात बुडवलेली, गुलाबी आणि हिरवी. फुलं वेगळी हवी होती, लक्ष्मी गेटच्या फुलवाल्याकडे गेंदाच गेंदा, म्हणजे आपला झेंडू, तोच ठेवला. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं. मी स्वतः दोनदा जाऊन बघून आले.

नवी साडी नेसून शिरीन दाराशी उभी. बानूबाईंच्या गाडीची वेळ झाली, अरविंद स्टेशनवर गेला, एकटाच परत आला. मग शेजारच्या दुकानातून पोरगं सांगत आलं, पुण्याहून फोन आहे. बानूबाईंचं रिझर्वेशन झालं नाही म्हणे. रविवारी येते म्हणाल्या.

रविवारी! आजच्या दिवसासाठी पोर पंधरा दिवस राबली आणि ह्या रविवारी येणार. आधी नव्हतं का काढता येत तिकीट? शिरीन म्हणाली, "असू दे आई. टेबल तेरा दिवस ठेवतातच. तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडायचं हिरवं." आणि दिव्यात तेल घालायला लागली. मला इतका राग आला की उद्याच्या पुरणाची डाळ तशीच विसरले भिजत घालायची.

२२ मार्च, शुक्र. पाडवा

गुढी उभारली. कडुनिंब खाल्ला, तोंड दिवसभर तसंच राहिलं, आणि कारण फक्त कडुनिंब नाही.

सकाळी गुप्ताइन आली, पलीकडच्या घरातली. आज तिचं नवरात्र बसलं, तिने पहाटेच जवारे पेरलेत. दरवर्षी पेरते, मातीच्या घटात गहू, नवमीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत तळ्यावर जातात. तर ती पाडव्याचा प्रसाद घ्यायला आत आली आणि टेबल बघून जागच्या जागी थांबली. आरसा, दिवे, गेंदा, लाल फीत, मध्ये वीतभर हिरवे गहू.

"हाय मैया! जे कबै बोए?"

मी म्हटलं, "पंद्रह दिन पहले. ये अलग है भाभी, बहू का त्योहार है."

"नौरातन से पैले कोऊ जवारे बोउत है का?" आणि हात जोडून खालीच बसली. कोणी आधी पेरत नाही, म्हणजे हे आधी पेरलेले नाहीत. म्हणजे आज पेरले. म्हणजे आजच उगवले. असा हिशेब! मी समजावून सांगते तर माझेच हात धरले. "बाईजी, छिपाओ न. मैया खुद आई हैं."

मी कपाळावर हात मारून घेतला तर म्हणाली, अंगात येतंय.

२३ मार्च, शनि.

सकाळपासून दार बंद झालेलं नाही. अख्खा मोहल्ला. नारळ, बत्तासे, लाल चुनरी. परातीला कुंकू लावलं, फितीवर चुनरी घातली. मी प्रत्येकीला सांगतेय, अगं नाही, हे इराणचं आहे, ह्याचं नाव नवरोज. ऐकून घेतात, मान हलवतात, पाया पडतात. एक म्हातारी म्हणाली, "बड़ी सीधी हैं बिचारी. घमंड नईं है." सांगून सांगून माझा घसा बसला.

पहिला नारळ दिसताच अंडी मी झाकून पलंगाखाली सरकवली. आणि दुपारी बघते तर लसूण नाही, सिरका नाही. टेबलावर कलश!

"अहो, लसूण कुठाय?"

"देवीसमोर लसूण? वेड लागलंय का तुला?"

हे! सोवळं नेसून, दाराशी पाट टाकून, बत्तासे वाटत बसलेले! ज्या माणसाला टेबल कुठे ठेवणार याची काळजी होती तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, "हमारी बहू के हाथ में जस है."

आत ओढून नेलं आणि बोलले जे बोलायचं ते. तिच्या आईला काय सांगणार? हे तिचं टेबल राहिलंय का? ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "दीड वर्षात ह्या गुप्ताइनने शिरीनच्या हातचं पाणी घेतलं नाही. नळावर हिची बादली मागे सरकवायच्या. आज तिच्या पाया पडतायत. आता तू जाऊन सांग त्यांना की चूक झाली."

आले बाहेर.

शिरीन बायकांच्या मध्ये बसली होती, डोक्यावर पदर, हातात कोणीतरी दिलेला नारळ. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, सोडवा म्हणतेय.

२४ मार्च, रवि.

आल्या बानूबाई. आणि कोणत्या वेळी, तर खोलीत बायका ढोलकीवर अचरी म्हणतायत, देवीची गाणी, उदबत्तीच्या धुरात समोरचं माणूस दिसत नाही. दारात ही उंच बाई, डोक्याला रुमाल, हातात बॅग. अरविंद मागे चोरासारखा.

शिरीन उठली, दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. आईने तिच्याकडे बघितलंच नाही. टेबलाकडे बघितलं. चुनरी, कुंकू, कलश, नारळांचा ढीग. बघितलं बघितलं आणि मला विचारलं, चक्क मराठीत, "हे टेबल माझ्या मुलीचं आहे, की तुमचं?"

"तिचंच आहे हो."

"मग लसूण कुठाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतल्या खोलीत बसल्या. चहा घेतला, बॅग उघडली नाही. शिरीन त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होती, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. अरविंदला म्हणाल्या, उद्याची गाडी कुठली ते बघ.

दीड वर्षाने आलेली आई. उद्याची गाडी.

२५ मार्च, सोम.

केलं एकदाचं. सकाळी बायका जमल्या होत्या. बानूबाई मधल्या दारात, बॅग पायाशी. मी सरळ स्वैपाकघरात गेले, लसणाचा गड्डा आणला, टेबलावर ठेवला. सिरका आणला, ठेवला. पलंगाखालून अंडी काढली, रंगीत, टोपलीसकट, ठेवली. कलश उचलला, देवघरात नेऊन ठेवला. चुनरी घडी घालून गुप्ताइनच्या हातात दिली.

"मैया के सामने लासुन! अंडा!"

"ये मैया का नहीं है!" मी ओरडले. मी, जी ह्या मोहल्ल्यात कधी चढ्या आवाजात बोलले नाही. "चार दिन से बोल रही हूँ! ये मेरी बहू का नया साल है! इसकी माँ का है! देखना है तो देखो, नहीं तो जाओ अपने अपने घर!"

गेल्या. एकीनेही मागे वळून बघितलं नाही. गुप्ताइन दारात म्हणाली, "अब कछू हो जाए तो हमसे न कइयो."

हे गच्चीवर.

बानूबाई आल्या, टेबलाशी बसल्या. गुलाबी अंडं उचललं, सोललं, मीठ मागितलं, खाल्लं. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत. मी मीठ दिलं. गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही. बॅग आत नेली.

आज छान झोप लागेल मला.

२८ मार्च, गुरु.

कसली झोप आणि कसलं काय.

नळावर माझ्याशी कोणी बोलत नाही. शिरीनची बादली पुन्हा मागे, या वेळी पायाने. गुप्ताइनच्या सुनेने हिला बघून पोराला आत ओढलं. दूधवालासुद्धा आज माप टाकून न बोलता गेला, त्याला काय झालं देव जाणे.

हे माझ्याशी बोलत नाहीत. अरविंद म्हणाला, "क्या ज़रूरत थी आई? सब ठीक चल रहा था." ठीक! हिची आई परत चालली होती ते ठीक?

हे सगळं मी सोसलं असतं. पण दुपारी शिरीन गहू निवडत होती, मी म्हटलं, बघ गं, आई राहिली ना तुझी. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मला विचारायचं होतंत आई."

"काय विचारायचं? तुझं टेबल होतं!"

"माझं होतं ना. म्हणून." मग एक खडा बाजूला टाकून, "त्या मला शिरीन म्हणायला लागल्या होत्या. दीड वर्ष 'वो ईरानी' म्हणत होत्या. मला माहीत होतं ते खोटं आहे. पण नाव घेत होत्या."

मी उठून गेले. म्हणजे शनिवारी ती माझ्याकडे बघत होती ते 'सोडवा' म्हणून नव्हतंच. मग कशासाठी बघत होती? मी कोणासाठी ओरडले? तिच्यासाठी, की तिच्या आईने मला दारात विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही म्हणून? चीड येते. ह्यांची, गुप्ताइनची, बानूबाईंची, सगळ्यात जास्त माझी स्वतःची.

आई-मुलगी बोलतात, पण फक्त मिठापाण्याचं. लग्नाचा विषय कोणी काढत नाही. बानूबाई एवढंच म्हणतात, तेरावा दिवस होऊ दे, गहू पाण्यात सोडू, मग बघू. त्या 'मग बघू'वर सगळं घर टांगलेलं आहे. मंगळवारी तेरावा.

३० मार्च, शनि. रामनवमी

रामजन्म झाला, सुंठवडा केला, खायला कोणी आलं नाही. दुपार उलटल्यावर ढोल ऐकू आले. जवाऱ्यांची मिरवणूक निघाली, आमच्याच गल्लीतून जाते तळ्यावर. दरवर्षी मी दारात उभी राहते. आज खिडकीच्या आत राहिले. बानूबाई शेजारी.

पुढे ढोलवाले, मागे बायका, डोक्यावर घट, घटांत पिवळसर हिरवे जवारे. गुप्ताइन सगळ्यांत पुढे. आमच्या दारासमोर आली आणि थांबली. मिरवणूक थांबली. मला वाटलं आता काय ऐकायला मिळतंय.

"शिरीन! ओ शिरीन!"

शिरीन ओट्यावर गेली. हातात काही नाही.

"तुमाए न जैहें का आज?"

"नहीं भाभी. हमारे मंगल को जाते हैं. बहते पानी में." साधं, सरळ सांगितलं. मी चार दिवस घसा फोडून जे सांगत होते ते हिने एका वाक्यात सांगितलं, आणि गुप्ताइनने ऐकून घेतलं!

ऊन मी म्हणत होतं, घाम गळत होता गुप्ताइनचा. मग म्हणाली, "हमें का पतो मैया लासुन से रूठत हैं कै नईं. हम जरूर रूठ गए हते. हात तो तुमाए ऐनई अच्छे हैं." आणि स्वतःच्या डोक्यावरचा घट उतरवला आणि शिरीनपुढे धरला. "तुमाए नईं जा रए तो हमाए लै चलो. हमाई गरदन दुख रई."

गरदन दुखतेय म्हणे! पंचवीस वर्षं बघतेय, ही बाई तो घट दुसऱ्या कोणाच्या हाताला लागू देत नाही, स्वतःच्या सुनेच्यासुद्धा.

मागे बायकांत कुजबुज सुरू झाली. एक जण "काए जिज्जी..." म्हणाली, गुप्ताइनने तिच्याकडे नुसतं बघितलं.

मी बानूबाईंकडे बघितलं. त्यांचे ओठ घट्ट. खिडकीचा गज धरलेला. देवीचा घट, त्यांच्या मुलीच्या डोक्यावर, ढोल वाजवत. मंगळवारच्या 'मग बघू'चं काय होणार ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. घशाशी आलं होतं माझ्या, "नको गं, मंगळवारपर्यंत थांब, तुझी आई बघतेय." पण गुरुवारचं आठवलं. तोंड मिटून घेतलं. आता विचारेल, तेव्हा बोलू. मागे वळून बघेल, माझ्याकडे, तिच्या आईकडे, तेव्हा.

शिरीनने पदर खोचला, चुंबळ डोक्यावर नीट बसवली, घट घेतला. चालायला लागली. ढोल पुन्हा सुरू.

बानूबाई म्हणाल्या, "तुम्ही थांबवलं नाहीत?"

मी म्हटलं, "मला विचारलं नाही तिने."

"मलाही नाही," बानूबाई म्हणाल्या.

मग दोघी तिथेच बसलो. हे गच्चीवरून खाली आले, आमची तोंडं बघून परत वर गेले. दिवेलागण झाली, बायका एकेक करून परत येतायत, आमची अजून यायची आहे. चहा टाकू का विचारलं, तर बानूबाई म्हणाल्या, तिला येऊ द्या.